पहिल्या गोळीचा मान



आपल्या या समूहावर वाडे, सणवार, शाळा-मास्तर यांच्या आठवणी पुष्कळ येतात. मी आज शिकारीची लिहितोय. आधीच सांगतो, यात फुशारकी काही नाही. सांबर-चितळ मारणं आज गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा, असं माझं मत आहे. पण साठ वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या आमच्यासारख्या रानालगतच्या गावांत शिकार हा शेतीचाच एक भाग होता. तिच्यावरून झालेलं एक भांडण आमच्या घरात सदतीस वर्षं राहिलं. ते लिहायचं राहून गेलं होतं. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही. माझे वडील म्हणजे आप्पा. दुसऱ्या घरच्या कर्त्या माणसाला मी तात्या म्हणायचो, इथेही तेच म्हणतो.

खानापूरच्या पश्चिमेचा भाग ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. मलप्रभा कणकुंबीला उगवते, तिथून जांबोटी, हेम्माडग्याकडे सगळं रानच. पाऊस उदंड, पीक भाताचं. भात निघालं की राहिलेल्या ओलीवर मसूर. बेळगावी मसूर आज शहरात भाव खाते, पण ती राखायला किती रात्री जायच्या ते शेतकऱ्याला विचारा. भात पोटरीला आलं की सांबरं उतरायची, कणसं भरली की डुकरं, आणि मसूर वर आली की चितळं. भेकर एकटंदुकटं यायचं, फार नुकसान करायचं नाही, पण रात्री कुत्र्यासारखं भुंकून झोप घालवायचं.

त्यामुळे प्रत्येक शेतात चार खांबांवर माळा असायचा आणि त्यावर रात्रभर माणूस. आमचं आणि तात्यांचं शेत बांधाला बांध. म्हणून राखण दोन घरांत वाटलेली. एक रात्र आमची, एक रात्र त्यांची. ज्याची पाळी त्यानं दोन्ही शेतं राखायची. डबा वाजवायचा, शेकोटी पेटती ठेवायची, हाळी द्यायची. जनावर फारच धीट झालं तर बंदुकीचा बार हवेत काढायचा. आप्पा आणि तात्या नात्याचे नव्हेत, पण लहानपणापासून एका ताटात जेवलेले. कधी कधी पाळी नसतानाही दोघं माळ्यावर एकत्र बसायचे. मग तंबाखू आणि गप्पा, आणि सकाळी दोघांचेही डोळे लाल.

बंदुका दोघांकडे होत्या. आप्पांची एकनळी बाराबोर. तिची काडतुसं बेळगावातल्या दुकानातून आणायची, आणि किती घेतली याची नोंद व्हायची. तात्यांची ठासणीची. नळीत वरून दारू घालायची, चिंधी ठासायची, मग शिशाची गोळी, पुन्हा चिंधी. गोळ्या ते घरीच ओतायचे. लोखंडी चिमट्यासारखा साचा होता, त्यात वितळलेलं शिसं ओतलं की गोटीएवढी गोळी निघायची. एकेका गोळीची कड ते कानशीनं घासून गोल करायचे. आम्हा पोरांना ते बघायला फार आवडायचं. परवाने दोघांचेही पिकाच्या राखणीचे. 1956 नंतर त्यावरचा शिक्का मुंबई राज्याचा जाऊन म्हैसूरचा आला, निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा व्हायच्या, बाकी काही बदललं नाही. रानात जाऊन हाकाऱ्याची शिकार करणं त्या परवान्यात बसत नव्हतं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

हाकाऱ्याची शिकार सुगी आटोपल्यावर, शिमग्याच्या आधी. त्या दिवसांत पाणवठे आटत येतात, जनावर ठराविक ओहोळावरच येतं. हिरडा आणि आवळा कुठल्या झाडाखाली पडलाय, खारट माती चाटायला जनावर कुठल्या दरडीला येतं, हे जाणत्यांना पाठ असायचं. त्यावरून कुठलं रान उठवायचं ते ठरायचं. बंदूकवाल्यांनी पहाटेच जाऊन जागा धरायच्या, वारा तोंडावर घेऊन. पाठीवर घेतला तर जनावराला माणसाचा वास जातो. मग दुसऱ्या टोकाकडून हाकारे कुत्री घेऊन ओरडत, डबे वाजवत यायचे. जागा कुणाला कुठली हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं, कारण भांडणाचं मूळ तिथूनच सुरू होतं.

खरं भांडण मात्र वाट्यांचं. आमच्या गावची पद्धत मला तोंडपाठ आहे. हाकाऱ्याला एक वाटा. बंदूकवाल्याला दोन, एक माणसाचा आणि एक बंदुकीचा. कुत्र्याला अर्धा, तो मालकाकडे. गावात जी घरं कर्त्या पुरुषाविना होती त्यांना बसल्या जागी एकेक. देवाच्या नावाचा अर्धा, तो रानातच शिजायचा. आणि या सगळ्याच्या आधी शिकाऱ्याचा मान काढून ठेवायचा. शिंगांसकट डोकं आणि उजवा फरा. बाकीच्या मटणाचे सागाच्या पानांवर सारखे ढीग घालायचे. मग पाठ फिरवून उभ्या केलेल्या पोराच्या हातात सगळ्यांच्या खुणा द्यायच्या, कुणाची काडी, कुणाचा खडा, कुणाची विडी. त्यानं न बघता एकेका ढिगावर टाकायच्या. मी पुढे चाळीस वर्षं बँकेत ताळेबंद बघितले, पण इतका चोख हिशेब क्वचितच बघितला.

आता मान कुणाचा? नियम एका ओळीचा होता. पहिलं रक्त ज्याचं, शिकार त्याची. पाडणारा कुणी का असेना.

1966 चा शिमगा. त्या वर्षी मी एसएसएलसीला. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता, रेशनवर तांबडा मिलो मिळत होता, घरात भात मोजून शिजायचं. मटण ही त्या वर्षी चैन नव्हती. मी पहिल्यांदाच हाकाऱ्यात होतो. चार बंदुका. तात्यांना खालच्या ओहोळाची जागा आली होती, आप्पांना वरच्या खिंडीची. मधे तीनेकशे पावलांचं अंतर, सगळी कारवी आणि पाचोळा.

नऊच्या सुमाराला खालून बार झाला. ठासणीचा आवाज वेगळा, जाडसर. नंतर थोडा वेळ काही नाही, आणि मग वरून बाराबोर. आम्ही पोचलो तर खिंडीच्या पलीकडे पन्नास पावलांवर सांबर पडलेलं. नर, मानेवर दाट केस, शिंगांना तीन-तीन टोकं. एवढं मोठं जनावर मी जवळून तोवर बघितलं नव्हतं. त्याचे डोळे उघडेच होते. ते मला अजून दिसतात.

तात्या धापा टाकत वर आले. म्हणाले, "लागलंय माझं. खांद्यामागं लागलंय."

आप्पा म्हणाले, "तुझा बार चुकला गा. माझ्यासमोरनं आलं ते चांगलं उड्या मारत आलं. मानंत घातलं मी."

पंच म्हणून दोन म्हातारे होते. त्यांनी रीतीप्रमाणे ओहोळापासून खिंडीपर्यंत रक्त शोधलं. पण कुत्री आणि हाकारे त्याच वाटेनं आले होते, पाचोळा तुडवलेला. रक्ताचा थेंब सापडला नाही. खिंडीच्या पुढे मात्र रक्तच रक्त. निकाल आप्पांच्या बाजूनं गेला. तात्या म्हणाले, "रक्त बाहेर आलं नाही म्हणून लागलंच नाही काय?" कुणी उत्तर दिलं नाही. त्यांनी आपले दोन वाटेही घेतले नाहीत. ठासणीची खांद्यावर टाकून सरळ खाली उतरले.

आम्ही चाळीस वाटे घातले. वाट्याला अडीच किलोच्या आसपास मटण आलं. कातडं सोलताना खांद्यामागं एक भोक दिसलं होतं, पण छर्रे पसरतात, त्यातलाच एखादा असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. निकाल झाल्यावर पुरावा कोण शोधतो? आम्हा पोरांकडे वजडी धुवायचं आणि बरगड्या ओहोळावर नेऊन खळबळायचं काम होतं. डाव्या बरगडीच्या आतल्या अंगाला माझ्या बोटाला काहीतरी टणक लागलं. नखानं उकरून काढलं. शिशाची गोळी होती. एका बाजूनं चपटी झालेली, दुसरी बाजू गोटीसारखी गोल. आप्पांच्या काडतुसातले छर्रे वाटाण्यापेक्षा जरा मोठे. ही गोळी कुणाची ते मला विचारायची गरज नव्हती. तिची कड कानशीनं घासताना मी बघितली होती.

बरोबरच्या पोरानं विचारलं, "काय बघालास?" मी म्हटलं, "काय नाही." आणि गोळी चड्डीच्या खिशात टाकली.

रात्री आप्पा ओसरीवर एकटे असताना मी ती त्यांच्या हातावर ठेवली. कंदिलाच्या उजेडात त्यांनी ती बराच वेळ फिरवली.

"कुठं गावली?"

"बरगडीत. डाव्या अंगाला, आतनं."

ते काही बोलले नाहीत. मग गोळी मला परत देत म्हणाले, "वाटे झाले. लोक घरला गेले. आता कुणाकडं कायबी बोलू नको."

मी बोललो नाही. आप्पांना सगळं गाव मानायचं. माझ्या एका शब्दानं ते गावात खोटे पडले असते. शिवाय खरं सांगायचं तर, त्या रात्री घरात फरा शिजत होता आणि मला भूक लागली होती. गोळी मी कंपासपेटीत ठेवली. शिंगं साफ होऊन सोप्यातल्या भिंतीवर लागली.

त्याचे परिणाम पुढल्या सुगीला कळले. तात्यांनी निरोप पाठवला, आपापलं शेत आपण राखावं. म्हणजे दोन माणसांचं काम दोन ठिकाणी, आणि रोज रात्री. आप्पा माळ्यावर बसायचे, पलीकडे दीडशे पावलांवर तात्या आपल्या माळ्यावर. दोन शेकोट्या. एकमेकांना हाळी नाही. जनावर शहाणं असतं. ज्या माळ्यावरच्या माणसाचा डोळा लागला त्या बाजूनं उतरायचं. त्या वर्षी आमची चाळीसाच्या जागी अठ्ठावीस पोती झाली. त्यांचं त्याहून कमी झालं असं ऐकलं. मी कॉमर्सला गेल्यावर एकदा वहीत हिशेब मांडला होता. एका बाजूला एक फरा, फार तर पंधरा किलो. दुसऱ्या बाजूला बारा पोती भात, तेही एका वर्षाचं. वही फाडून टाकली.

तात्या नंतर कुठल्याच हाकाऱ्याला गेले नाहीत. दोन वर्षांनी त्यांनी ठासणीची बंदूक सरकारजमा करून टाकली.

मी बेळगावला बीकॉम केलं, बँकेत लागलो आणि बदल्यांच्या मागे फिरलो. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. पुढे 1991 च्या दुरुस्तीनं परवान्यावरची शिकारही संपली, फार तर पिकाला किंवा माणसाला धोका झालेलं जनावर वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी हुकमानंच मारता येतं. गावातले हाकारे त्याच्या आधीच थांबले होते. रान विरळ झालं होतं, जनावर कमी झालं होतं आणि त्यात आमचाही वाटा होता. कायद्यानं थांबवलं म्हणून निदान आज भीमगडच्या बाजूला सांबर दिसतं तरी. 2011 साली तिथे अभयारण्य झालं.

माझी एक बदली तालुक्याच्याच शाखेत झाली होती. एकदा पीककर्जाच्या अर्जांत तात्यांच्या मुलाचा अर्ज आला. कागद चोख होते, मी मंजूर केला. तो समोर बसून म्हणाला, "साहेब, उपकार झाले." मी म्हटलं, "नियमात बसतंय, उपकार कसले?" साहेब म्हणाला, याचं जास्त लागलं. आम्ही एकाच बांधावर गोट्या खेळलेलो. तेव्हा सांगून टाकावं असं मनात आलं. पण तात्या तेव्हा होते, आप्पाही होते. आप्पांनी बोलू नको म्हटलेलं, तेही होतं. मी नाही सांगितलं. तात्या 1997 ला गेले. मी धारवाडला होतो, मातीला पोचलो नाही.

मग 2003 साल. केंद्र सरकारनं नवा नियम काढला. घरात जुनी शिंगं, कातडी वगैरे असतील आणि त्यांची नोंद केलेली नसेल, तर 180 दिवसांत जाहीर करा. मुदतीत सांगणाऱ्याला आधी नोंद न केल्याबद्दल धरणार नव्हते. पेपरात वाचलं आणि मी सुट्टी काढून गावी गेलो. कागद अपुरा राहिलेला मला चालत नाही, सवयच तशी. आप्पा तेव्हा त्र्याऐंशीचे. सोप्यात त्या शिंगांखालीच बसून मी अर्ज लिहायला घेतला. वस्तू कोणती, किती, वर्णन, लांबी. टेप लावून मोजलं. मग प्रश्न आला, ही वस्तू तुमच्याकडे कशी आली.

मी लिहिणार होतो, वडिलांनी 1966 साली शिकार केली. मोठ्यानं वाचून दाखवलं. आप्पा म्हणाले, "तसं लिहू नको. खोटं लिहू नको सरकारला."

मी थांबलो.

"ती माझी नव्हेत. ती गोळी हाय काय तुझ्याजवळ?"

होती. कंपासपेटी कधीच गेली, पण गोळी जुन्या चाव्यांच्या डब्यात माझ्याबरोबर सगळ्या बदल्यांना फिरली होती. त्या दिवशीही पेटीत होती. आप्पांनी ती हातात घेतली आणि म्हणाले, "चल. मला तिकडं घेऊन चल."

शिंगंही त्यांना द्यावीत असं त्यांच्या मनात होतं. पण तसं करता येत नव्हतं. अशी वस्तू परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरी द्यायची म्हणजे नवा गुन्हा. ज्याचा मान त्याला तो कायद्यानं पोचवता येत नव्हता. हे त्यांना समजावून सांगताना मला माझीच लाज वाटली, कारण पोचवायला सदतीस वर्षं होती.

तात्यांच्या घरी आप्पा त्यानंतर पहिल्यांदाच चढले. काकू ओसरीवर सुपात मसूर निवडत बसल्या होत्या. मुलगा आत होता, तो बाहेर आला. आप्पा बसले नाहीत. उभ्यानंच गोळी पुढे केली आणि सांगितलं, "ही त्या सांबराच्या बरगडीत गावली हुती. त्याच दिवशी. मला ठावं हुतं."

मुलगा काही बोलला नाही. आत गेला, शिडी लावून माळ्यावर चढल्याचा आवाज आला. खाली आला तेव्हा हातात तो साचा होता, गंजलेला. त्यानं तो दोन्ही हातांनी उघडला आणि गोळीची गोल बाजू आत ठेवली. नीट बसली. तो तशीच बघत राहिला. मग म्हणाला, "बा मरेपर्यंत म्हणत हुता. लागलं हुतं म्हणून. शेवटी शेवटी आमीच म्हणायचो, आता सोडा की ते."

आप्पांनी हात जोडले. मला ते बघवलं नाही.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "बसा. उभ्यानं काय." आप्पा बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्याच म्हणाल्या, "मटणाचं आन् शिंगाचं काय नव्हतं हो मला. तुमी दोघं माळ्यावर असला की मला झोप लागायची. नंतर हे एकटेच जायचे. रातभर कान तिकडं. एवढं एक वाईट झालं बघा."

चहा आला. आप्पांनी बशीत ओतून घेतला. हात थरथरत होता, थोडा सांडला, काकूंनी सवयीनं पदरानं पुसला.

अर्जात मी खरं ते लिहिलं. सांबर गावच्या हाकाऱ्यात मारलं, पहिली गोळी शेजाऱ्याची, शिंगं चुकून आमच्याकडे राहिली. कार्यालयातल्या कारकुनानं वाचून वर बघितलं आणि म्हणाला, एवढं लिहायची गरज नव्हती. शिंगं आम्ही ठेवून घेतली नाहीत, खात्याकडेच जमा केली. पोचपावती माझ्या फायलीत आहे. आप्पा दुसऱ्या वर्षी गेले. खांदा द्यायला तात्यांचा मुलगा होता.

गोळी आणि साचा त्यांच्याच घरी आहेत. आमच्या दोन्ही शेतांना मिळून आता एकच सौर कुंपण आहे. खर्च निम्मा-निम्मा, हिशेब मी ठेवतो. चितळं तरी येतातच. माझा पुतण्या चिडतो. मी त्याला म्हणतो, भरपाईचा अर्ज कर, फोटो काढ, पंचनामा करून घे, पण फासे लावणाऱ्यांच्या नादी लागू नको.

मंडळी, सोप्यातल्या भिंतीवर त्या शिंगांच्या जागी चुन्याचा पांढरा डाग अजून आहे. रंग देताना मुलगा विचारतो, बुजवायचा काय? मी म्हणतो, राहू दे.

तुमच्या गावांत वाटे कसे पडायचे, मान कुणाचा असायचा, आणि त्यावरून तुटलेली घरं पुन्हा कशी जुळली किंवा जुळली नाहीत, ते जरूर लिहा. आणि कुणाकडे अशी एखादी गोळी डब्यात पडून असेल, तर ज्याची आहे तो माणूस असेपर्यंत नेऊन द्या. माझा तेवढाच उशीर झाला.